बोंबील न सुकवणारं ऊन

पाऊस संपून आभाळ मोकळं झालं की मला घरात बसवत नाही. सून म्हणते, "आई, बसा ना जरा एका जागी. काय हरवलंय का दारात?" मी बसते, टीव्हीकडे तोंड करते आणि जरा वेळानं परत उंबऱ्यावर येते. हरवलेलं काही नाही. ऊन आलंय, एवढंच. कोळीवाड्यात पावसानंतरचं ऊन म्हणजे कामाचं ऊन. बोटी समुद्रात गेलेल्या असतात, बोंबील येत असतो आणि बाईमाणसानं बसायचं नसतं. आता आमच्या वेसाव्यात बोंबील वाळवायच्या वलांड्या थोड्याच उरल्यात, मोकळ्या जागेत लोकांच्या गाड्या उभ्या असतात. पण पायांना हे कोण सांगणार? पाय निघतातच. आणि पाय निघाले की मला तो हंगाम आठवतो, ज्यात मला या उन्हात पाऊल टाकायची बंदी होती. आठवलं की आजही डोकं फिरतं.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. मी तिशीतली. दोन पोरं, नवरा बोटीवर, घरात सासू. वलांडी म्हणजे बांबू रोवायचे, त्यावर आडवे दोर ताणायचे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरावर टाकायची. ओला बोंबील हातात धरला तर पाणी धरल्यासारखा, निसटतो. ऊन आणि वारा चांगला असला की तोच काठीसारखा कडक होतो आणि वाऱ्यावर एकमेकांवर आपटून वाजतो. तो आवाज आला की सासू म्हणायची, "झाला." हात लावून बघायची नाही. बाहेरची माणसं आमच्या वाडीत शिरली की नाकाला रुमाल लावतात. मला त्या वासानं भूक लागते. अजून लागते.

डाग आधी उजव्या हाताच्या नखाशेजारी आला. तांदळाच्या दाण्याएवढा. मला वाटलं, बर्फानं भाजलं. मासळीवाल्यांचे हात सदा बर्फात. मग दुसऱ्या बोटावर आला, मग मनगटाजवळ, मग दोन्ही हातांच्या पाठीवर नकाशे उमटल्यासारखं दिसायला लागलं. दुखत नव्हतं, खाजत नव्हतं. शेजारणीनं नाव सांगितलं, कोड. तिनं सांगितलं आणि दोन पावलं मागे सरकली. मी म्हटलं, "पळ, पळ. घरी जाऊन आंघोळ कर." ती रागावली. रागावू दे.

वाडीचं मला काही वाटत नव्हतं. भीती होती बाजाराची. अंधेरीच्या बाजारात बसायला ओट्यावर आमची जागा होती. सासूची, त्याआधी तिच्या सासूची. सासूचे गुडघे गेले तशी मी बसायला लागले. मासळी विकणाऱ्या बाईचं तोंड कुणी बघत नाही, हात बघतात. हातानं उलटीपालटी करायची, हातानं कल्ला उघडून लाल दाखवायचा, हातानं कापून द्यायची. आमच्याकडे कॉलनीतल्या एक शिरोडकरबाई यायच्या. वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. पापलेट दुसऱ्या कुणाचं घ्यायच्या नाहीत. एक दिवस त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, म्हणाल्या, "आज नको गं, आज सोमवार ना," आणि पलीकडच्या ओट्यावर जाऊन पापलेटं घेतली. मंगळवार होता. त्या परत कधी माझ्याकडे आल्या नाहीत, ते इथंच सांगून टाकते. त्यांच्यामागून आणखी गेल्या. मी दुपारपर्यंत बसायचे आणि निम्मी पाटी डोक्यावर घेऊन परत यायचे. आमच्याकडे ओट्यावरची जागा कागदावर नसते. जी बसते, जिची विकली जाते, तिची जागा. जी रिकामी उठते तिच्या जागेकडे बाकीच्या बघायला लागतात.

सासूनं मला डॉक्टरकडे नेलं ते मायेनं नाही. जागा जाईल म्हणून नेलं. तिनं तसं तोंडावर सांगितलं आणि मला ते पटलं.

शहरातल्या मोठ्या इस्पितळात कातडीचा वेगळा विभाग होता. डॉक्टर बारीक अंगाचे, बोलायला सावकाश. माझे हात हातात घेऊन त्यांनी उलटसुलट बघितले. त्यांनी ते इतक्या सहज धरले की मीच दचकले. मग त्यांनी इलाज सांगितला तो ऐकून सासू आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. गोळी खायची, जेवणावर. दोन तास थांबायचं. मग हात उन्हात धरायचे.

सासू म्हणाली, "ऊन? अवो डॉक्टर, ही जनमभर उनातच हाय. उनानं बरं व्हायचं असतं तर डाग आलाच नसता."

"तसं ऊन नाही, आजी. मोजलेलं ऊन."

हे मोजलेलं ऊन आम्हाला समजायला तो सगळा हंगाम लागला. डॉक्टर म्हणाले, गोळी पोटात गेली की सगळ्या अंगाची कातडी उन्हाला हळवी होते, नुसते डाग नाहीत. म्हणून हात तेवढे बाहेर, बाकी अंग झाकलेलं. डोळ्यांवर काळा चष्मा, कारण डोळ्यांतही ते औषध पोचतं. पहिल्यांदा पाच मिनिटं, जास्त नाही. एक दिवसाआड. डाग जरासे गुलाबी झाले तर बरोबर चाललंय. लाल झाले, आग झाली, तर थांबायचं आणि त्यांना येऊन दाखवायचं. आणि पाच मिनिटं झाली की घरात, दिवस मावळेपर्यंत. खिडकीजवळ बसायचं नाही, काचेतूनही तो उजेड येतो.

"घरात उजेड कुठून येतो तुमच्या?" त्यांनी विचारलं.

"छपरात काचेचं कौल हाय," सासू म्हणाली.

"त्याच्याखाली बसायचं नाही."

घरी आल्यावर सासूनं माझ्या नवऱ्याला छपरावर चढवून त्या कौलावर गोणपाट टाकलं. घर काळोखलं. चूल दिसेना.

आणि तिथून माझी कैद सुरू झाली. बाहेर सगळी वाडी वलांडीवर. बायकांचा कालवा, कुणाची पोरगी ओरडा खातेय, कुणी कावळे हाकलतंय, कुणी कुणाच्या नवऱ्यावरून चेष्टा करतंय. मी आत, लांब बाह्यांचं पोलकं घालून, डोळ्यांवर काळा चष्मा, हाताला काम नाही. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ यायची आणि जमिनीवरून सरकत सरकत जायची. मी तिच्यापासून पाय ओढून बसायचे. साप सरकत यावा तसं मी ऊन बघितलं आहे, हे वाडीत कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पोरं दारात येऊन ओरडायची, "आये, शिणेमातली दिसतंस!" मी चप्पल फेकायचे. चष्म्यामुळे नेम चुकायचा.

सासू सकाळी बाजारात जायची, माझ्या जागेवर बसायची. दुपारी वलांडीवर. गुडघे सुजलेले असायचे. संध्याकाळी आली की भिंतीला टेकून पाय लांब करायची आणि माझे हात मागायची. मी हात पुढे करायचे. ती नुसती बघायची. दिवसभर आत बसून मला जितका राग येत नव्हता, तितका त्या बघण्याचा यायचा. रोज बघून काय होणार? बोंबील आहे का मी?

महिन्याभरानं डागात ठिपके दिसायला लागले. केसांच्या मुळाशी तपकिरी टिंबं, तिळाएवढी. पांढऱ्या पाण्यात बेटं उगवल्यासारखी. सासूनं ती पहिली पाहिली. "आगो, आलं बघ!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारीण धावत आली. मग मात्र मीच दिवसातून दहा वेळा हात बघायला लागले.

त्यानंतरचीच गोष्ट. पाऊस जाऊन बरेच दिवस झाले होते आणि अचानक आभाळ भरलं. पाऊस नाही, वारा नाही, सगळीकडे नुसतं करडं. बोंबील वाळवणाऱ्याला याहून वाईट दिवस नाही. वलांडी गच्च भरलेली, माल अर्धा ओला. असा पडून राहिला की तांबूस होतो, वास फिरतो, मग तो खताला जातो. वाडी नुसती पिसाळली होती. कुणी माल खाली उतरवतंय, कुणी दोर घराच्या पडवीत बांधतंय, कुणी आभाळाला शिव्या देतंय. मी गोळी घेऊन आत बसले होते. माझा उन्हाचा दिवस होता तो.

सासू दारात आली. मागे वळून आभाळाकडे बघितलं. मग बोंबलाला हात लावलेली बोटं चोळत म्हणाली, "चल बाहेर. आज ऊन मेलंय."

"गोळी घेतलीय," मी म्हटलं.

"मग घेतलीस तर घेतलीस. उनाबिगर गोळी काय करील? बोंबील वल्ला तो वल्लाच हाय. बघ हात लावून."

वाडीत कुणालाही विचारलं असतं तरी हेच उत्तर मिळालं असतं. आमच्याकडे उन्हाची परीक्षा एकच. बोंबील सुकला तर ऊन आहे, नाही सुकला तर नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी याच परीक्षेवर घरं चालवली. मी चष्मा काढून ठेवला, बाह्या वर सारल्या आणि बाहेर पडले. काय सांगू, इतक्या दिवसांनी बाहेर! हवा गार होती, अंगाला चटका म्हणून नाही. दुपार कलेपर्यंत मी जोड्या उतरवत होते, पाट्या वाहत होते, बायकांना उलट बोलत होते. सगळ्या म्हणत होत्या, "सुटली गं कोठडीतून!" मला वाटलं, मी बरीच झाले.

त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तोंड तापल्यासारखं लागलं, हात चुरचुरायला लागले. तिसऱ्या दिवशी हात सुजून पावासारखे फुगले. पांढऱ्या डागांवर पाण्याचे फोड आले, एकमेकांना जाऊन मिळाले. कपाळ, मान, पायाचे घोटे, जिथं जिथं साडी नव्हती तिथं तिथं लाल. डोळे उघडत नव्हते. ती आग विस्तवाची नाही. विस्तव भाजतो आणि थांबतो. हे आतून येत राहतं. सासू ओल्या फडक्यानं वारं घालत होती आणि पुटपुटत होती, "ऊन नव्हतं. ऊन नव्हतंच."

इस्पितळात तिनं डॉक्टरांना बोलूच दिलं नाही. "मना सांगा डॉक्टर, बोंबील सुकला नाय नं हिची कातडी भाजली कशी?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. तिच्याकडे वळले. "काय म्हणालात आजी?"

तिनं परत सांगितलं. ढग, ओला माल, सगळं. रागानं सांगितलं. त्या गोळीतच काही खोट असणार, असा तिचा संशय होता.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आजी, बोंबील सुकतो तो वाऱ्यानं आणि उबेनं. कातडीवर काम करतो तो उजेड वेगळा. तो डोळ्यांना दिसत नाही, अंगाला गरम लागत नाही. ढगातून येतो. समुद्राच्या वाळूवरून उलटा येतो. गार दिवशी तर जास्त फसवतो, कारण चटका बसत नाही म्हणून माणूस बाहेर राहतं." मग आवाज खाली करून म्हणाले, "ढगाचं मी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही की कुणी ऊन बोंबलावर मोजत असेल."

सासू बाकावर बसली. एवढ्या वर्षांत तिला कुणी असं खाली बसवलेलं मी बघितलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये ती खिडकीतून आभाळाकडे बघत होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "मग हे इतकी वरसं आपल्यावर पडतंय काय?" मी पदर कपाळावर ओढला. आजही कॉलेजला जाताना नात तोंडाला ते उन्हाचं क्रीम चोपडते. परवा आभाळ भरलं होतं तर तिची आई हसली, "आज कशाला गं?" मी आतून ओरडले, "लाव! ढग असले तरी लाव!" दोघी बघत राहिल्या. म्हातारीला काय झालं, असं वाटलं असेल.

फोड बसेपर्यंत गोळी बंद, ऊन बंद. बेटं होती ती फोडांबरोबर गेली. कातडी सोलून निघाली आणि खाली पुन्हा पांढरं. मी डॉक्टरांना म्हटलं, मला नको आता. ते म्हणाले, घरचं ऊन नको, पण इथे दिवा आहे. नवीन आलाय. तुमच्या समुद्रावरचं ऊन माझ्या हातात नाही, दिवा माझ्या हातात आहे.

गोळी तीच, दोन तास आधी. दिवा म्हणजे एक पेटी होती, आत लांब नळ्या. लावल्या की जांभळट उजेड, तोही अगदी मंद. एवढ्या दुबळ्या उजेडाला काय घाबरायचं, असं वाटावं. पण नर्स स्वतः चष्मा घालायची आणि मला घातल्याशिवाय बटणाला हात लावायची नाही. दंडापर्यंत जाड कापड गुंडाळायची. हात ठेवायची जागा खुणेनं ठरलेली, इंचभर पुढे-मागे नाही. भिंतीवर घंटेचं घड्याळ. घंटा वाजली की दिवा बंद. आणि ती घंटा होईपर्यंत नर्स खोलीतून हलत नसे. बाहेरून कुणी हाक मारली तरी म्हणायची, "दिवा चालू आहे," आणि बोलणं संपलं. प्रत्येक वेळी डॉक्टर आधी हात बघायचे. मागच्या वेळी आग झाली का, खाज आली का, किती वेळ राहिली, सगळं विचारायचे. मगच घड्याळाचा काटा सरकवायचे. कधी जरासा पुढे, कधी होता तिथंच. एकदा मनगट लाल दिसलं तर दिवा लावलाच नाही. इतकं लांब येऊन मी तशीच परत. परतताना चष्मा, पदर, बाह्या, सगळा बंदोबस्त. बसचा कंडक्टर म्हणाला, "काय मावशी, डोळे आले काय?" मी म्हटलं, "आले. तुझे पण येतील. तिकीट दे आणि पुढे बघ."

मला घाई होती. बाजारात माझ्या जागेशेजारची बाई पाट सरकवत सरकवत निम्म्या ओट्यावर आली होती. सासू भांडून जागा धरून बसली होती, पण भांडायलाही गुडघे लागतात. मी डॉक्टरांना म्हटलं, "काटा वाढवा. रोज लावा. मी सोसेन."

"तुम्ही सोसाल, कातडी नाही सोसणार."

"माझी कातडी आहे ना?"

"दिवा माझा आहे," ते म्हणाले. हसले नाहीत. "जास्त उजेड म्हणजे जास्त औषध नाही, बाई. आज ज्यादा दिला तर पुन्हा फोड येतील. आणि फुकटचा उजेड वर्षानुवर्षं घेतला तर म्हातारपणी दुसरं दुखणं उभं राहील. मला ते आत्ता दिसतं, तुम्हाला आत्ता दिसणार नाही."

मी त्यांच्यावर चिडले. घरी येऊन भांडी आपटली. इतक्या वर्षांनी मी सांगते, तो माणूस बरोबर होता, पण त्या वेळी मला बरोबर माणूस नको होता. मला हात हवे होते.

उन्हाळा आला तोवर हातांच्या पाठी भरल्या होत्या. कुठं गडद, कुठं फिकी, रंग लावणाऱ्यानं घाईत हात फिरवल्यासारखं, पण तपकिरी. मनगट भरलं. बोटांची टोकं मात्र तशीच पांढरी राहिली, दाही. डॉक्टरांनी माझी बोटं हातात घेतली आणि म्हणाले, "इथं केस नाहीत. रंग केसाच्या मुळातून येतो. ही भरायची नाहीत. आता दिवा थांबवू."

"म्हणजे झालं?"

"मला जेवढं करता येतं तेवढं झालं."

मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. भूक लागली होती. इस्पितळाच्या बाहेर सासूनं आणि मी उसळपाव खाल्ला. माझी दाही टोकं पिवळ्या रश्श्यात बुडत होती आणि ती बघत होती.

पावसाआधीचे शेवटचे दिवस. त्या दिवशी मी बाजाराला जायला निघाले तेव्हा सासूनं मेंदीची वाटी पुढे केली. "बोटांना लाव. लाल दिसतील, कोन इचारनार नाय."

"आठवड्याला लावू? रोज लग्न आहे काय माझं?"

"जागा जाईल गो."

"जाऊ दे नाहीतर राहू दे. एकदा काय ते होऊ दे."

तिनं वाटी परत घेतली आणि स्वतःच्या पांढऱ्या केसांना लावत बसली. मेंदी वाया घालवायची तिची जात नव्हती.

ओट्यावर मी पाटी उतरवली, शेजारणीचा पाट ढकलून तिच्या जागी नेऊन ठेवला आणि बसले. ती काही बोलायला आली, माझं तोंड बघून थांबली. सकाळभर बायका येत होत्या, हाताकडे बघत होत्या, पुढे जात होत्या. उन्हं ओट्यावर यायला लागली. बर्फ वितळत होता. मग एक बाई थांबली. नवीन, मी आधी कधी न बघितलेली, कडेवर मूल. सुरमईकडे बघितलं, मग माझ्या बोटांकडे, मग सरळ माझ्याकडे.

"मावशी, हाताला काय झालंय?"

"कोड."

"दुसऱ्याला होतं का?"

"नवऱ्याला झालं नाही, पोरांना झालं नाही. रोज माझ्या हातचं जेवतात. तुला नको असेल तर पुढे जा, तिकडे पण ताजी आहे."

ती गेली नाही. मूल चुळबुळ करत होतं. मी सुरमईचा कल्ला उघडला. पांढऱ्या बोटाला लालभडक रक्त लागलं, आणि लाल इतकं लाल मी आधी कधी बघितलं नव्हतं. ती वाकून बघत होती. कल्ला बघत होती का बोट, मला कळलं नाही. विचारलंही नाही.

"कापून दे," ती म्हणाली.

माझा कोयता नेहमी भरभर चालतो. बाजारात त्यासाठी माझं नाव होतं. त्या दिवशी मी सावकाश कापली. एकेक तुकडा बोटांनी धरून, उलटून, धुऊन, तिच्यासमोर ठेवत गेले. शेजारीण बघत होती, ओट्यांच्या रांगेतल्या बघत होत्या. म्हटलं बघा. पोटभर बघा. मला कसलीही घाई नाही.